डाव्या सीटसमोरचं हँडल

आबा, पावणे गावातल्या आपल्या गाड्यांच्या शेडमध्ये मी पुन्हा पाऊल ठेवलंय, हे तुम्हाला आधी सांगायला हवं. तुम्ही नको म्हणाला होतात. मी पाचवीत होते, तुमचा डबा घेऊन आले होते, आणि तुम्ही आत गेल्याचं बघून कानस उचलून पत्र्याची कड घासायला लागले. तुम्ही मागून येऊन माझं मनगट धरलंत. "पुन्यांदा हितं दिसलीस तर बघ. हात काळं करायला मी हाय न्हवं?" मग आधी रॉकेलने आणि नंतर साबणाने माझी बोटं एकेक करून धुतलीत, आणि घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाहीत. पुढे मी अभ्यास केला तो बराचसा त्या गप्प बसण्याला भिऊन. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता इंजिनियर झालेय, घरातली पहिली पदवी. बेलापूरच्या एका कंपनीत ड्रॉइंगच्या खात्यात जागा मिळतेय. पण दुसऱ्यांनी करायच्या वस्तूंची नुसती चित्रं काढत बसायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून मी तुमच्या भागीदाराला, श्रीवर्धनच्या चाचांना, म्हटलं की मला एक डॅशबोर्ड करू द्या. तो जमला तर मी कंपनीत जाणार नाही, इथेच राहीन. आई भांडी घासता घासता म्हणाली, "पत्राच ठोकायचा हुता, तर त्यांनी तुला शाळेत कशापायी घातली?" हे मला तुम्हालाच विचारायचं होतं.

जीप एका साहेबांची. रविवारी डोंगरात, ओढ्यात गाडी घालायचा त्यांना नाद. पट्ट्याला पेजर, कपाळावर टाक्यांची खूण. "मॅडम, गाडी उलटी झाली तरी सगळं हाताशी पाहिजे," ते म्हणाले. चाचा म्हणाले, "उलटी झाल्यावर काय लावनार साहेब, पंखा?" जुना डॅशबोर्ड आम्ही काढून टाकला होता. मी कागदावर नवा कन्सोल आखला. मधोमध तेलाच्या दाबाचं मीटर आणि गाडी किती कलली ते दाखवणारं दुसरं, खाली स्विचांची रांग, वायरिंगला हात पोचावा म्हणून बाजूला झडप. चाचांनी कागद उलटासुलटा करून बघितला. "बरा हाय, इंजिनियरबाई," म्हणाले, आणि काळा रंग दिलेला कोरा पत्रा जागेवर बसवला. तुमची पद्धत त्यांनी सोडलेली नाही. मालकाला सीटवर बसवायचं, डोळ्यांवर टॉवेल बांधायचा, बोटांना खडूची पूड लावायची आणि एकेक नाव घ्यायचं. हेडलाइट. वायपर. हात न चाचपता जिथे पडेल, तिथे स्विच. खडकाळ वाटेवर माणसाचे डोळे समोर असतात, हाताने आपलं आपण बघावं, असं तुम्ही म्हणायचात.

शेजारच्या कारखान्याला त्या दुपारी सुट्टी होती. एरवी ओरडून बोलावं लागतं, त्या दिवशी साहेबांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. टॉवेल सोडला आणि आम्ही पत्रा बघितला. उजवीकडे आणि मधे साहेबांच्या खुणा होत्या, मी आखलेल्या जागांपासून थोड्या सरकलेल्या. आणि पार डावीकडे, रिकाम्या सीटसमोर, पत्र्याच्या वरच्या कडेवर आणखी चार खुणा होत्या. ओळीने, वरून मूठ आवळल्यासारख्या. साहेब पट्टा बांधून उजवीकडे बसलेले, त्यांचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. चाचांचे हात ग्रीसने काळे. माझ्या हातात कागद आणि पेन्सिल. "तू टेकलीस का हात?" चाचांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी फडक्याने सगळा पत्रा पुसला आणि साहेबांना म्हणाले, "परत बसा, नीट नाय आला."

दुसऱ्यांदा मी मुद्दाम डावीकडे उभी राहते. खडूच्या पुडीचा बंद डबा माझ्याच हातात आहे. चाचा नावं घेतात, साहेबांचा हात उठतो, टेकतो. मी त्या कडेवरून नजर काढत नाही आणि तिथे काही म्हणता काही होत नाही. शेवटी चाचा टॉवेलची गाठ सोडायला मला हाक मारतात. मी वळते, गाठ सोडते, परत बघते, आणि चार खुणा तिथे आहेत. या वेळी मी वाकून बघितलं. मधल्या बोटाची खूण पेरभर आखूड होती, टोकाला सपाट, आणि तिच्यावर ठशाची एकही रेघ नव्हती. तुमचं ते बोट पत्रा कापायच्या मशीनने नेलं होतं.

चाचांनी साहेबांना चहाला टपरीवर पाठवलं. मग ते बॉनेटला टेकले. मला तुम्ही धरलेलं माझं मनगट आठवत होतं. मी म्हटलं, "चाचा, ते मला थांबवतायत." त्यांनी मान हलवली. "थांबवनारा असा धरतो काय? हँडल इसरलीस तू. सगळा डायवरचाच इचार केलास, बाजूच्यानं काय धरायचा?" खरंच, माझ्या कागदावर डावी बाजू कोरी होती. ट्रायलला तुम्ही नेहमी डावीकडे बसायचात, मालकाचा हात कुठे जातो ते बघायला. "तितंच धरायचा तो," चाचा म्हणाले. "उतार आला का कलमा मी पढायचो, घाम त्याला फुटायचा." ते हसले, पण त्यांनी त्या बाजूला पाठ फिरवलेलीच होती.

त्या चार खुणांवरच मी ड्रिल लावलं आणि लोखंडी नळीचं हँडल बसवलं. चाचा ट्रायलला आले नाहीत, नमाजची वेळ झाली म्हणाले. तुर्भ्याच्या मागे दगडाच्या खाणीत उतार आहे, तिथे आम्ही गेलो. रीतीप्रमाणे डावी सीट माझी. मी मागच्या बाकावर बसले. साहेब म्हणाले, "मॅडम, पुढे या ना." मागून हात नीट दिसतो, असं मी त्यांना सांगितलं. उतारावर गाडी एका अंगाला कलली, दगड सटकले, साहेबांनी खाली न बघता एकामागून एक स्विच दाबले आणि एकही चुकला नाही. खाली पोचल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याशी हात मिळवला. परवा मी बेलापूरला जाऊन नको म्हणून सांगून आले. आई अजून बोलत नाही.

हे तिला वाचून दाखवावं असं लिहायला बसताना वाटलं होतं. आता ते नको वाटतंय. तुम्ही रागावला असाल तर ती सीट रिकामी असणार, असं मी मनाशी धरलं होतं. म्हणून सगळा उतार मी साहेबांच्या हाताकडे बघत राहिले, आबा. डावीकडे मी बघितलंच नाही.