डोळे येईपर्यंत

प्रिय नीवेस,

काल सकाळी अंड्यांना डोळे आले. शंभरात ब्याऐंशी जिवंत. खात्री गावप्रमुख डॉन गुमेर्सिंदोंनी केली. भिंग घेऊन वाकले आणि म्हणाले, ‘बासिलिया, अगं, ही तर आपल्यालाच बघतायत!’ ट्राउट माशांच्या अंड्यांमधले ते काळे ठिपके पाहून मला तूच आठवलीस.

सगळं तू शिकवलंस तसंच केलं. खिडकीला काळं कापड, पाण्याची धार बारीक, आणि एकोणीस दिवस तबकांना बोट लावलं नाही. ‘डोळे येईपर्यंत फार नाजूक असतात गं, नुसत्या धक्क्यानं मरतात,’ असं तू म्हणायचीस आणि आम्ही चिडवायचो, ‘नीवेस अंड्यांसमोर शिंकतसुद्धा नाही!’

चार वर्षांपूर्वीच्या ऑगस्टात सहाही तबकांतली अंडी मरून पांढरी पडली, तेव्हा तीच तोंडं म्हणाली, ‘हिचा हातच जड.’ उबवणीघराची किल्ली तुझ्याकडे, म्हणून दोषही तुझा. गावच्या सभेत तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी शालीची गाठ सोडत-बांधत बसले. आठवड्याभरात तू दूर ताक्ना शहराच्या बाजारात कांदे विकायला निघून गेलीस आणि किल्ली माझ्याकडे आली. तळ्यावरून वारा आला की अजून वाटतं, तू दार ढकलून आत येशील आणि ‘हळू गं’ म्हणून ओरडशील.

आता तुझ्या रुफिनाने इथे काम मागितलंय. ‘त्याच घरातला हात,’ म्हणून लोक नको म्हणतायत. धाकटी बहीण तुझी, पण ते ऐकताना मान माझी खाली गेली. त्या ऑगस्टात तू एका दिवसासाठी पुनो शहरात गेलीस, तेव्हा किल्ली माझ्याकडे ठेवली होतीस. हे तू कुणालाच सांगितलं नाहीस. धरतीमातेची पूजा होती. सासूबाई म्हणाल्या, ‘शेतावर शिंपडलं, मेंढरांवर शिंपडलं, अंड्यांनीच काय घोडं मारलंय?’ मी सहाही तबकं उचलून अंगणात उन्हात मांडली. त्यांनी दारू शिंपडली, मी परत ठेवली. अंड्यांचा बारावाच दिवस होता, डोळे यायचे होते. सासूबाई आता नाहीत. त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे, पण उचलणारे हात माझे होते. रविवारी सभा आहे. तिथे उभी राहून हे सगळं सांगणार आहे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. किल्ली काढून घेतील. अंडी फुटायला अजून बारा दिवस आहेत. तेव्हा तबकांपाशी बहुतेक रुफिना असेल.

तुझीच,
बासिलिया