गोड मानून घ्या म्हटल्याचा घोटाळा

आमचे व्याही, वयाने बरोबरीचे पण समजुतीने थोर, यांस सादर नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो म्हणाला होतात, ते वाजणं थांबलं का? विहीणबाईंचा खोकला गेला का? (गेला नसेल तर त्यांना फार बोलू देऊ नका. हे सांगणं सोपं आहे, याची मला कल्पना आहे.) धाकट्याच्या दाढेचं काय झालं? मांजरीचा कान बरा झाला असेलच. आणि आमची सूनबाई? रविवारी बॅग घेऊन तुमच्याकडे आली, ती नीट जेवते ना? इकडचा विषय काढते का? काढत असेल तर कुठल्या आवाजात? मी फोन केला की ती उचलते, पण माझा 'हॅलो' ऐकला की तिथलं नेटवर्क जातं. मुलाने केला तर रिंगसुद्धा वाजत नाही. म्हणून हे पत्र. मी तिच्या स्वयंपाकाला चारचौघांत नावं ठेवली असं तिने सांगितलं असेल, तर ते खरं आहे आणि तसं मुळीच नाही. कसं, ते मलाच अजून नीट उमगलेलं नाही, तेव्हा सावकाश वाचा.

आपलं रेस्टॉरंट वर्षभर कसं चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे चालत नाहीच. बाहेरून गर्दी दिसावी म्हणून खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही घरचेच आळीपाळीने बसायचो. (मी टोपी बदलून दोनदा बसत असे.) शेवटी मुलाने त्या टीव्हीवाल्यांकडे अर्ज धाडला. तो कार्यक्रम तुम्हीही पाहता. बुडत्या रेस्टॉरंटात एक धिप्पाड बल्लवाचार्य येतो, घासभर खातो, मालकाला फैलावर घेतो, सगळे रडतात, भिंतींना रंग लागतो आणि दुसऱ्या दिवशी दाराबाहेर रांग. मी एकही भाग चुकवत नाही. ते दोघे भाऊ आठवतात? एकाच स्वयंपाकघरात मधे खडूची रेघ ओढून अबोल्याने रांधायचे, मीठ एकाच्या बाजूला आणि नळ दुसऱ्याच्या. तो भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला आणि दर वेळी डोळे पुसले. आणि त्या बाईच्या फ्रीजमधलं जुनं सूप बल्लवाचार्याने भांड्यासकट खिडकीतून भिरकावलं, ते खाली त्याच्याच मोटारीवर! एवढं पाहूनही एक गोष्ट मला कधी कळली नाही: ज्यांच्याकडे जेवायला जायचं त्यांच्यावर माणूस ओरडतो कसा, आणि ते त्याला पुन्हा वाढतात कसे.

तर ते आपल्याकडे यायचे म्हणून आम्ही सगळे कंबर कसून कामाला लागलो. शेगडी घासली, पंखे पुसले, सांडपाण्याच्या पाइपला आतून ब्रश मारला. पाहुणे येणार म्हटल्यावर दुसरं काय करणार? त्यांची दिग्दर्शिका (डोक्यावर टोपी असलेली, फार गोड मुलगी) स्वयंपाकघरात शिरली आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, "आजोबा, घाण कुठाय?" मला वाटलं, चेष्टा करते. पण तिला खरोखरच हवी होती. मग बिचारीसाठी मुलाने शेजारच्या गॅरेजमधून थोडं वंगण आणून भिंतीला फासलं. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

मग बल्लवाचार्य जेवायला बसले. सूनबाईने सूप आणि भाजलेली कोंबडी वाढली. व्याहीबुवा, मी समोर उभा होतो. त्या माणसाने सूपचा वाडगा पावाने पुसून खाल्ला, हाडं चोखली, शेवटचं हाड तर उजेडात धरून तपासलं. मग मिशा पुसल्या, कॅमेऱ्याकडे वळले आणि मला विचारलं, "काय आजोबा, कसं असतं तुमच्याकडचं जेवण?"

आता तुम्हीच सांगा, घरी आलेल्या पाहुण्याला आपण काय सांगतो? मी हात जोडून म्हणालो, "कसलं काय हो, आपलं साधंच. गोड मानून घ्या." ते म्हणाले, "म्हणजे खास नाही?" मी म्हणालो, "छे छे, खास कुठलं! तुम्ही केवढे मोठे, तुमच्या तोंडाला काय चव येणार!" त्यांनी टेबलावर अशी मूठ आपटली की मिरपूड उडाली. "ऐका! मालकाचा बापच सांगतोय!" मुलाकडे पाहिलं, तर तोही पाहुण्यापुढे विनयाने मान डोलावतोय. (वळण माझंच.) आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत सूनबाई, हातात झारा.

एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मग त्यांनी माझे डोळे बांधले आणि दोन चमचे भरवले, एक त्यांच्या हातचं सूप, एक तिचं. कुठलं चांगलं ते सांगा म्हणाले. मला पहिल्या घोटालाच कळलं, पहिलं आपलं. मग साहजिकच मी दुसऱ्याचं नाव घेतलं. पाहुणा एवढा राबून करतो आणि आपण आपलंच कौतुक करायचं? पट्टी सोडली तेव्हा सूनबाई समोर होती. तिने ॲप्रन काढून माझ्या गळ्यात घातला, "आता बाबा, तुम्हीच रांधा" म्हणाली आणि निघाली. मी मागे धावलो, तर टोपीवालीने टाळ्या वाजवल्या. आजवरच्या सगळ्या भागांत हाच लोकांच्या लक्षात राहील म्हणते. पुढच्या महिन्यात दाखवणार आहेत.

आता भिंतींना जांभळा रंग आहे, ताटं परातीएवढी आणि त्यांत जेवण चमचाभर. टीव्हीची गाडी पाहून लोक यायला लागले आहेत, खरोखरची रांग लागते. पण स्वयंपाकघरात मुलगा आहे. त्याची कोंबडी बाहेरून कोळसा आणि आतून जिवंत. लोक एकदा येतात, दुसऱ्यांदा समोरच्या फुटपाथने जातात. असंच चाललं तर महिनाअखेर टाळं लागेल, आणि तेही रंगवलेल्या दाराला. तेव्हा आम्ही वाचलो की बुडालो, हे मला कुणी सांगेल तर बरं.

सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा व्याही

ता. क. तिला परत पाठवा असं मी मुळीच म्हणणार नाही, तिचं तिला ठरवू द्या. फक्त एक करा. पत्र वाचून झालं की ते टेबलावर उघडंच ठेवा आणि दोघं फिरायला जा. उघडा कागद दिसला की तिला वाचल्याशिवाय राहवत नाही.

ता. क. दुसरा. सूनबाई, व्याही फिरायला गेले ना? बस. तुझं सूप चांगलं असतं. लग्न होऊन आलीस तेव्हापासून चांगलं असतं. घरच्या माणसाला हे सांगायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, मला वाटायचं रिकामा वाडगा दिसतोच की. टोपीवालीला मी परत बोलावलं आहे, कॅमेऱ्यासमोर हेच म्हणेन. ती म्हणते आता उपयोग नाही, भांडण झाल्यावर गोड बोललेलं कुणी बघत नाही. तरी मी म्हणणारच. (मिरपूड किंचित जास्त असते, पण ते मी म्हणणार नाही.) नवरा तुझा फार वाळलाय, स्वतःच्या हातचं खातोय. लवकर उत्तर लिही. राग गेला नसेल तर निदान कोंबडी किती वेळ भाजायची, तेवढं तरी आजच्या आज लिहून टाक.