उघडं तोंड ठेव वर

३ जानेवारी. सकाळ.
ठड-ठड-ठड-ठड. ठड-ठड-ठड-ठड. आणि मग एकदम गप्प.
आज बादलीत गडवा बुडवताना चाळीस वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात आला. मी नोकरीला होतो त्या कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे बंदुकांची चाचणी चाले. इतरांना गोळीबार ऐकू येई. मला चाल ऐकू येई. शाळेत पाठांतराच्या तासाला अख्खा वर्ग डोलत म्हणायचा, तशी.
आवाज आठवायला कारण आहे. काल शाळेच्या मुख्याध्यापिका मनाली मॅडम घरी आल्या. २६ जानेवारीला प्रमुख पाहुणा मी! विषय: ऑटोमॅटिक बंदुकीला गोळ्या कशा पुरवल्या जातात. शिवाय माझं 'पट्ट्याचं गाणं' मुलं समूहगानात म्हणणार.
संकल्प: भाषण दहा मिनिटं. स्वतःबद्दल कमीत कमी.

४ जानेवारी.
भाषणाचा मसुदा. बावीस पानं. पैकी स्वतःबद्दल एकोणीस.
कारखान्याचं नाव लिहिणार नाही. गुप्ततेची शपथ आहे. शकुबाई पोहे निवडता निवडता म्हणाली, अजी, तुमी तं स्टोअरात होते, तुमाले कोनतं गुपित मालूम? चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला टेक्निकल गोष्टी समजावता येत नाहीत, हे मी मान्य केलं आहे.

५ जानेवारी. दुपार.
मुलांसाठी सोपं करून लिहिलं:
बंदुकीला एकेक गोळी हातानं देत बसलं तर लढाई संपून जाईल. म्हणून काडतुसांचा पट्टा असतो. प्रत्येक काडतूस पोलादाच्या कडीत बसवलेलं. कड्या एकमेकींत गुंतलेल्या. एक गोळी उडाली की तिच्याच धक्क्यानं पट्टा एक घर पुढे सरकतो, दुसरी हजर. कडी पूर्ण गोल नसते, एका बाजूनं उघडी असते. ते उघडं तोंड खाली ठेवायचं. तरच काडतूस सुटून आत जातं.
आणि हे गाणं:

पट्टा हाती नीट धर,
उघडं तोंड ठेव वर,
झाकण लाव, मागे सर,
आणि म्हण रे हर हर हर!

किती वर्षांनी वाचलं. अंगावर काटा आला.

६ जानेवारी.
शकुबाईनं दोन्ही कागद वाचले. म्हणे, इकडे खाली लिवलं, तिकडे वर लिवलं, खरं काय जी?
तिला सांगितलं, गद्य वेगळं, पद्य वेगळं.
वस्तुस्थिती अशी. भिंतीवर नियमांचा तक्ता होता, इंग्रजीत. कवडूला इंग्रजी येत नव्हतं. तो चाचणीत पट्टे भरायचा. मला 'गुरुजी' म्हणायचा, एकटा तोच. म्हणाला, गुरुजी, मले गान्यात बांधून द्या, गानं मी इसरत नाही. एका जेवणाच्या सुट्टीत बांधून दिलं. 'खाली'ला यमक सापडेना. 'साली' मिळत होतं, पण संस्कार आड आले. 'वर' चपखल बसलं. भोंगाही झाला.

९ जानेवारी.
संकल्प: आज गाण्यात 'खाली' करणार.
थाली. लाली. माळी (चालणार नाही, ळ आहे). दुपारी झोप लागली.

१२ जानेवारी.
आज नक्की.
नाही झालं. खरी कविता दुरुस्त होत नसते. होते ती बातमी.

१५ जानेवारी.
मॉडेल सुरू. कड्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या, काडतुसं बांबूच्या तुकड्यांची, हँडल धान उडवायच्या जुन्या पंख्याचं. गाणं म्हणत पट्टा लावला, उघडं तोंड वर. अडकला. पुन्हा लावला. पुन्हा अडकला. शकुबाई भांडी घासत होती, मान वळवून म्हणाली, उलटा लावून राहिले तुमी.
कवडूच्या वेळी ती तिथं नव्हती. असती तर तिनं त्यालाही असंच टोकलं असतं, आणि त्याची एकाग्रता भंगली असती.

१६ जानेवारी.
आता आठवलंच आहे तर लिहून टाकतो. खाजगी वही आहे.
कवडूचा पट्टा अडकला. त्यानं झाकण उघडून हात घातला. आतला दांडा सुटला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. मी तेव्हा स्टोअरात कड्या मोजत होतो. ठड-ठड-ठड-ठड, आणि एकदम गप्प.
चौकशीत साहेबांनी विचारलं, तोंड वर ठेवायला कोणी शिकवलं? कवडूनं माझ्याकडे पाहिलं. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, नियम 'खाली' असाच आहे. खोटं बोललो नाही. तक्त्यावर तसंच होतं. कवडूला कामावरून काढून घरी पाठवलं. जाताना म्हणाला, गुरुजी, गानं तं बराबर असन, माह्याच ध्यानात उलटं बसलं.
त्याला कवितेचा कान होता, एवढं मान्य करायला हवं.

१९ जानेवारी.
तोडगा! गाणं बदलायचं नाही. मॉडेल बदलायचं. पट्टा बसतो त्या जुन्या खाचांशेजारी नव्या खाचा उलट्या बाजूनं कापल्या. उघडं तोंड वर ठेवून तीन काडतुसं आत गेली. चौथं शकुबाईच्या वरणात पडलं. हा किरकोळ दोष.
चाळीस वर्षांनी माझी ओळ शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली.

२३ जानेवारी.
शाळेत रिहर्सल. साठ मुलं एका सुरात: उघडं तोंड ठेव वर! माझे डोळे भरून आले. मनाली मॅडमनी रुमाल दिला. शकुबाई येताना वाटेत म्हणाली, एवढ्या लेकरायले उलटं पाठ करून देऊन राहिले, लाज नाही वाटत? घरापर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही.

२६ जानेवारी. संध्याकाळ.
मोघम लिहितो.
गाणं उत्तम झालं. मग मी मॉडेलचं हँडल फिरवलं. पट्टा उसळला आणि सगळी काडतुसं सुटून सरपंचांच्या खुर्चीखाली. मुलं हसली. पुन्हा भरलं. अडकलं. सहावीतली गुड्डी नावाची मुलगी न विचारता स्टेजवर आली. म्हणाली, आजोबा, तुमी नवीन पाडलेल्या खाचा सोडून द्या, जुन्याईत लावा, उलटा करून. तिनं पट्टा पालथा केला. खट-खट-खट-खट. सगळी गेली. टाळ्या तिला.
मनाली मॅडमनी माइकवरच विचारलं, म्हणजे सर, गाण्यातली ओळ चुकली आहे का?
एवढे लोक. सरपंच. साठ मुलं. मोबाइल उगारलेले.
मी म्हणालो, मूळ गाण्यात 'खाली'च होतं. कवडू नावाचा एक अडाणी कामगार होता, त्यानं ते बिघडवलं. स्वतःची बोटंही घालवली. मुलांनो, पाठांतर चुकलं की असं होतं.
टाळ्या. यावेळी मला.

२७ जानेवारी.
शकुबाईनं चहा दिला नाही. व्हिडिओ सगळीकडे फिरतो आहे म्हणे. तुमसरहून फोन आला, सिहोऱ्याहून दोन. एकूण पाहता कार्यक्रम यशस्वी.
संकल्प: गाण्यांचं पुस्तक काढायचं.

२९ जानेवारी. सकाळी साडेदहा.
दार वाजलं. वाटलं शाळेचा शिपाई, शाल विसरली होती ती घेऊन आला असेल.
कवडू होता.
लाखांदूरहून एस.टी.नं आला. दोन बस बदलून. पार वाळून गेला आहे. तलावातले शिंगाडे आणलेत, पिशवी तीन बोटांच्या हातात अडकवलेली. नातीनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला म्हणे.
मी म्हणालो, कवडू, त्याचं असं आहे. पण तो खाली वाकला आणि माझ्या पाया पडला. म्हणाला, गुरुजी, माफ करजा. चाळीस वर्सं मले एकच गोस्ट खात होती का गानंच तं चुकलं नसन? कोनाले बोललो नाही, पन मनात तुमच्यावर सक घेतला. परवा तुमच्या तोंडून आयकलं तं जीव हलका झाला. चूक माहीच होती.
शकुबाई माझ्याकडे पाहत होती. तिनं त्याला खाट टाकून दिली. त्याच्यासाठी चहा ठेवला.
तो म्हणाला, आता मूळचं गानं लिवून द्या, 'खाली'वालं. मरायच्या आंधी एक डाव बराबर म्हनून पाहतो.
वही शोधतो म्हणून आत आलो. कडी लावली.

पट्टा धर, वेळ झाली,
उघडं तोंड ठेव खाली.

दोन मिनिटं लागली.
बाहेरून कवडू विचारतो आहे, सापडलं का, गुरुजी?