सायक्लामेनची कुंडी

लीड्स, जानेवारी

ती. आईस,
इथल्या धुक्यातून उमाचा नमस्कार. मी बरी आहे, काळजी करू नकोस.

गेल्या महिन्यात दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी निघताना नर्सनं हातात सायक्लामेनची कुंडी ठेवली. हिवाळ्यात घरात फुलणारं झाड आहे. मी आपलं रोज आंघोळ करून तुळशीसारखं वरून तांब्याभर पाणी घालत राहिले, आणि कंदच कुजला. त्याला म्हणे पाणी खालून, बशीतून द्यायचं, अन् थंडीतच ठेवायचं. मी हीटरजवळ ठेवलं होतं. इथं काही जपायचं कसं तेच कळत नाही बघ.

अण्णांचा खोकला कसा आहे? गुलमंडीवर दौलताबादचे पेरू आले का?

तू विणलेलं टोपडं काल पोचलं. लई गोड आहे. पेटीत ठेवलंय. मोजे विणायला घेतले असशील, तर राहू दे आता.

तुझी,
उमा