लिओनोरचा लाल परकर

एदिल्बेर्तो,

माझी पणजी एउदोसिया, आजी त्रान्सितो आणि आई रोसाल्बा यांच्यापैकी एकीनेही घराबाहेर पडताना मुलाची परवानगी घेतली नव्हती. मीही घेत नाही, फक्त कळवते आहे. "आई, सत्तरीपुढच्यांना बंदी आहे. पोलिसांनी धरलं तर मी तुला ओळख देणार नाही," असे तू काल म्हणालास. देऊ नकोस. मुखपट्टी लावून मी मागच्या घरातल्या लिओनोरकडे चालले आहे.

तिचा लाल परकर मागच्या दोरीवर आहे. पाऊस आला तरी तिने तो काढला नाही, याचे मला नवल वाटत होते. अन्न संपलेली घरे सध्या बोगोताभर लाल कापड बांधतात, पण ते रस्त्याकडच्या खिडकीला. हिने मागे का बांधावे? आज कॉफी उकळताना उलगडा झाला. ती दोरी फक्त आपल्या स्वयंपाकघरातून दिसते. टाळेबंदीने तिचे शिवणकाम बंद आहे, आणि तिला गल्लीपुढे नव्हे, माझ्यापुढेच मागायचे आहे.

मसुराचे अख्खे पातेले मी नेते आहे. तुझ्यासाठी मक्याच्या अरेपा झाकून ठेवल्या आहेत, त्यांवर भागव.

तू पोटात असताना तुझ्या वडिलांचे काम सुटले होते. तेव्हा लिओनोर रोज पातेले घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "अंदाज चुकला गं, जास्त झालं." आजपासून टाळेबंदी उठेपर्यंत माझाही अंदाज रोज चुकणार आहे, म्हणजे ते ऋण पुरते फिटेल.

आई