पाव कोणी विकायचा

मंगळवार, ६ मार्च २०१८. सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते. याच मिनिटाला मॉलचा मॅनेजर क्लायनहान्स थेरीच्या दुकानात शिरला आणि माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला म्हणाला, "आजपासून पाव बंद."

पाव बंद! बनी चाऊच्या दुकानात! पाव पोखरायचा, त्यात मटणाचा रस्सा भरायचा, दुसरं आहे काय त्या दुकानात?

कारण म्हणे सुपरमार्केटच्या भाडेकरारात एक कलम आहे. या मॉलमध्ये त्यांच्याशिवाय कुणी पाव विकायचा नाही.

"पण माझ्या करारात असं काही नाही," थेरी म्हणाली.

"तुमच्या नाही. त्यांच्या."

"मग दाखवा."

"गोपनीय आहे."

म्हणजे जो कागद तिने वाचला नाही, ज्यावर तिची सही नाही, त्याने तिचे हात बांधायचे! महिनाअखेरीपर्यंत ऐकलं नाही तर गाळा खाली करायचा. वर मला सांगतो, "आंटी, तुम्ही यात पडू नका." मी याची आंटी कधी झाले?

ईस्टरच्या उपासात यंदा मी अपशब्द सोडले आहेत. गाढवाला गाढव म्हणणं त्यात धरायचं का, फादरना विचारायला हवं.

बुधवार, ७ मार्च

थेरी रात्रभर झोपली नाही. तिच्या खोलीत येरझाऱ्या चालल्याचं ऐकू येत होतं. नवरा फिलिप गेल्यापासून ते दुकानच तिचा संसार आहे. आधी ती आमच्या गॅरेजमध्ये बनी विकायची. मॉल आला, टॅक्सींचा थांबा तिकडे गेला, गिऱ्हाईक गेलं, म्हणून तीही गेली. आता परत गॅरेजमध्ये बसून कुणाची वाट बघायची?

सकाळी म्हणते, "अक्का, प्लास्टिकच्या वाटीत रस्सा देऊन बघते." बघ बाई.

गुरुवार, ८ मार्च

वाटी चालली नाही. रोजचं गिऱ्हाईक गोविंदन मास्तर काउंटरवर ओरडले, "अगं, मी काय आजारी आहे? हे सूप कुणाला देतेस?"

शनिवार, १० मार्च

गिऱ्हाइकांनीच तोड काढली. लोक आधी सुपरमार्केटात जाऊन पाव घेतात, तो घेऊन थेरीकडे येतात. थेरी पोखरते, भरते. पाव त्यांचा, विक्री रश्श्याची! मला वाटलं, सुपरमार्केट आता खूश होईल.

पण त्यांचा पाव म्हणजे निव्वळ कापूस. बनीचा पाव खालून टणक लागतो, नाहीतर बूड सुटतं. दुपारपर्यंत थेरीच्या दारापासून सरकत्या जिन्यापर्यंत रश्श्याची पिवळी रेघ उठली. क्लायनहान्स फडकं घेऊन मागे धावतोय आणि मास्तर त्याला सांगताहेत, "साहेब, मिरची डोळ्यात जाईल, जपून."

फार दिवसांनी पोटभर हसले.

सोमवार, १२ मार्च

हसण्याचे दिवस संपले. लेखी नोटीस आली: "पाव कोणाचाही असो, गाळ्यात कापायचा नाही." वकिलाने लिहिलेली, आणि तीन वाक्यांत दोन चुका! आमच्या शिक्षिका सिस्टर बेनिग्ना म्हणायच्या, राग आला की आधी विरामचिन्हं नीट घाला, मग भांडा. मी जन्मभर शाळेत मुलांना तेच शिकवलं. यांना कुणी शिकवलं?

क्लायनहान्सला गाठून विचारलं, पोखरलेला पाव हा पाव की भांडं? तो म्हणाला, "खाता येतं ते भांडं कसलं?" थेरी मागून म्हणाली, "तुम्ही आइस्क्रीमचा कोन टाकून देता काय?"

शाब्बास!

गुरुवार, १५ मार्च

एकट्या आपणच नाही. टॅक्सीथांब्याच्या बाजूला माशेझीचा छोटा गाळा आहे. पिठाचे गोळे तळून विकते, ग्विन्या म्हणतात त्यांना. तिलाही तीच नोटीस. तळलेला का होईना, पावच म्हणे!

मला बघून म्हणाली, "मिस, यांचं बरं आहे. उद्या माझ्या नवऱ्यालाही पाव म्हणतील. तोही पडून पडून फुगलाय."

बाजारातली मक्तेदारी रोखणाऱ्या सरकारी स्पर्धा आयोगाकडे अर्ज करायचं ठरलं. दोघींचा मिळून एक. आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिला. माशेझी बोलत होती, मी लिहीत होते, थेरी चहा करत होती. मुख्य वाक्य मी तीनदा घासलं: "बाजारात जागा मिळाली म्हणजे दुसऱ्याच्या दाराला कुलूप लावायचा हक्क मिळत नाही." थेरीने मोठ्याने वाचलं आणि रडली.

शुक्रवार, ३० मार्च. गुड फ्रायडे.

मटण नाही, घेवड्याचा बनी. पाव कापून! मुदत उद्या संपते. थेरी म्हणाली, "काढू दे मला बाहेर. आज लोक उपाशी जाणार नाहीत." क्लायनहान्स काचेपलीकडून बघत होता. आत यायची छाती झाली नाही.

मंगळवार, १० एप्रिल

जिंकलो!! मुदत उलटली तरी गाळा सोडला नव्हता; आज आयोगातल्या एका मुलीचा फोन आला. गोड, हळू बोलणारी. त्यांनी सुपरमार्केटला फक्त एवढंच कळवलं की तो गोपनीय करार जरा पाहायला पाठवा. सुपरमार्केटचं लगेच उत्तर, या मॉलमध्ये कलमाचा आग्रह धरणार नाही! पाव मोकळा. ग्विन्या मोकळ्या.

क्लायनहान्स थेरीशी एकदम लोण्यासारखा बोलायला लागला. "मिसेस फिलिप, तुमच्यासारखे भाडेकरू आम्हाला हवेत. नवीन करार करू, चांगला लांब मुदतीचा." माशेझीने मला उचलून गरागरा फिरवलं. या वयात! चष्मा पडला.

बुधवार, २५ एप्रिल

काय मेले लोक आहेत!

संध्याकाळी माशेझी घरी आली. हातात नोटीस. जिंकल्यापासून ती ग्विन्यात खिम्याचा रस्सा भरून देते, रांग लागते. आता क्लायनहान्स म्हणतो, रस्सा भरलेला कोणताही पाव किंवा पिठाचा पदार्थ विकायचा नाही. दुसऱ्या भाडेकरूच्या करारात कलम आहे. कुणाच्या? गोपनीय!

"मिस, आता तळणंच सोडू का मी?" ती म्हणाली. आज विनोद केला नाही.

पुन्हा ते सुपरमार्केट असणार, नाहीतर मॉलमधली ती कोंबडी तळणारी मोठी कंपनी. सकाळीच आयोगाला फोन करते. सोडणार नाही! थेरी दमली होती, न जेवता झोपायला गेली.

गुरुवार, २६ एप्रिल. सकाळी ७ वाजून १५ मिनिटे.

कलम थेरीचं आहे.

चहा ओतताना सांगितलं. "अक्का, क्लायनहान्सने विचारलं, काय हवं? जन्मभर आपण कुंपणाबाहेर. पहिल्यांदा कुणी मला कुंपण दिलं. मी घेतलं."

ती आवरायला खोलीत गेली, मी टेबलावरच लिहायला बसले. तिच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. शब्द हेच:

"थेरेसा, हे कलम तू रद्द करतेस की नाही, सोमवार, ३० एप्रिल, दुपारी बारापर्यंत लेखी कळव. उद्या सुट्टी आहे, विचार कर. उत्तर आलं नाही तर माशेझीचा अर्ज मी लिहीन. तुझ्याविरुद्ध. याच टेबलावर."