सोमवारी उभं करा

१० जून

चि. सौ. वहिनीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. बाब्याची व्हॅन उभ्या ट्रकवर आदळली, गुडघा पुढे ठोकला गेला, मांडीच्या हाडाने खुब्याची वाटी फोडली. ऑपरेशनात खुबा मागून उघडून पट्टी नि स्क्रू बसवले, हे बरं झालं. पण भर दुपारी, सरळ रस्त्यावर माझ्या भावाला अख्खा ट्रक दिसला नाही? त्याचे खाण्याचे नखरे तेवढे सोस, आणि पायावर भार टाकू देऊ नकोस. शिवणाचा वर्ग सोडून लगेच निघता येत नाही. तुझ्या गालाला टाके पडल्याचं दुसऱ्यांकडून कळलं. ते का लिहिलं नाहीस?

लोभ आहेच, पत्र मात्र लांबलचक लिही.

तुझी वन्सं

२८ जुलै

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहवेना. ट्रक त्यांना दिसला नाही, कारण ते माझ्याकडे बघत होते. एक हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्याने माझे केस धरून तोंड खिडकीवर आपटत होते. टाके त्या काचेचे आहेत.

आता खाटेवरून हात पोचेल तेवढंच मारतात. परवा पाणी गार लागलं म्हणून तांब्या कपाळावर बसला. तरी एक पाऊल मागे सरलं की सुटका होते. लग्नानंतरचे हे माझे सगळ्यांत बरे दिवस आहेत, हे लिहायची लाज वाटते. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, सोमवारी उभं करा. मी बोटांवर दिवस मोजले.

काल त्यांनी बुटकं स्टूल मागितलं. इतकं खाली बसलं तर सांधा निखळेल, असं डॉक्टरांनी बजावलंय. तरी मी ते आणून ठेवलं. ते खाटेच्या कडेला सरकले, तेव्हा स्टूल उचलून बाहेर फेकलं. त्याबद्दल सोमवारसाठी आणून ठेवलेली कुबडी पाठीत बसली. पुढच्या वेळी फेकीन की नाही, माझा मला भरवसा नाही.

तुमचे ते भाऊ आहेत. रागवा, पण सोमवारच्या आत या.

तुमची वहिनी

६ सप्टेंबर

चि. वहिनीस,
आशीर्वाद, वि. वि.

माझ्या घरात रुळलीस, वर्ग सांभाळतेस, हे वाचून बरं वाटलं. बायकांची मापं सैल घेत जा, सगळ्या पोट आत ओढून उभ्या राहतात.

मी इथे आले त्या दिवशी तुला माझ्या घराची किल्ली दिली, तरी मनात होतं की तूही त्याला डिवचत असशील. वॉकर दोन्ही हातांनी धरायचा असतो. चहाला उशीर झाला म्हणून बाब्याने एक हात सोडला आणि मला थोबाडीत दिली. अजून कानात वाजतंय. त्याचा तोल गेला, फरशीवर आपटला. मला वाकून उचलवेना. शेजाऱ्यांना हाक मारली, तेवढंच केलं. एक्सरेत पट्टी शाबूत निघाली.

पडल्या पडल्या तो रडला. म्हणाला, "ताई, तिला बोलाव. मी बदललोय." त्याला मी कडेवर घेऊन वाढवलंय. मीही रडले.

आता तो काठी टेकत जिना उतरतो आणि रोज तुझा पत्ता विचारतो. माझ्याकडे असशील, असं त्याच्या ध्यानीमनीही नाही. बहीण त्याचीच, असं तो धरून चाललाय. डॉक्टर म्हणतात, ठणठणीत होईल. होऊ दे, मी त्याला बरा करूनच निघेन. तू परत येऊ नकोस.

माया आहे ती तुझ्यावर राहील.

तुझी वन्सं